वाचकांचे प्रश्न : परंपरेतील औषधी वनस्पतीची पारख कशी होते?

पारंपरिक औषधी वनस्पतींविषयी येणाऱ्या पत्रांत ‘ही वनस्पती घ्यावी का’ हा प्रश्न नेहमीच असतो. या वेळी मात्र काही वाचकांनी त्याच्याही आधीचा प्रश्न विचारला आहे : एखादी वनस्पती सुरक्षित आहे आणि गुणकारी आहे असे म्हणण्यापूर्वी नेमके काय तपासलेले असावे लागते? त्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : एखादी वनस्पती शेकडो वर्षे असंख्य माणसांनी वापरली असेल, तर तीच सर्वांत मोठी आणि सर्वांत प्रदीर्घ चाचणी नव्हे का? इतक्या पिढ्यांच्या अनुभवापुढे काही महिन्यांच्या प्रयोगाला एवढे महत्त्व का द्यावे?

उत्तर : परंपरेला काहीच कळत नाही असे मानणे चुकीचे आहे. जो परिणाम लवकर होतो, बहुतेकांवर होतो आणि डोळ्यांना दिसतो, तो परंपरेच्या नजरेतून सहसा सुटत नाही. बचनाग जहाल विषारी आहे हे आयुर्वेदाला ठाऊक होते आणि म्हणूनच शोधन, म्हणजे विष उतरवण्याची प्रक्रिया, केल्याशिवाय तो वापरू नये असा दंडक पडला. दीर्घकाळ उकळल्याने बचनागातील ॲकोनिटीन या द्रव्याचे विघटन होते आणि त्याचा विषारीपणा बराच कमी होतो, हे पुढे रसायनशास्त्रानेही दाखवून दिले. तेव्हा पिढ्यांचा अनुभव ही खरी साक्ष आहे आणि संशोधनाची सुरुवात तिच्यापासूनच व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु या साक्षीला मर्यादा आहेत. जे परिणाम उशिरा उमटतात, जे क्वचितच कोणाला होतात, किंवा जे एखाद्या नेहमीच्या आजारासारखे दिसतात, ते अनुभवाच्या जाळ्यात सापडत नाहीत. अरिस्टोलोचिया या प्रजातीतील वनस्पतींचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. प्राचीन ग्रीसपासून चीनपर्यंत या वनस्पती औषध म्हणून वापरल्या जात होत्या आणि त्यांच्याविषयी गंभीर तक्रार नव्हती. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बेल्जियममधील डॉक्टरांच्या असे ध्यानात आले, की वजन कमी करण्यासाठी उपचार घेतलेल्या काही स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होत आहेत. शोध घेतल्यावर असे आढळले, की त्यांना दिलेल्या औषधात स्टेफानिया टेट्रँड्रा ही चिनी वनस्पती असायला हवी होती, पण तिच्या जागी अरिस्टोलोचिया फांगची मिसळली गेली होती. दोहोंची चिनी नावे जवळपास सारखी असल्यामुळे ही गफलत झाली. अशा रुग्णांची संख्या पुढे शंभराहून अधिक झाली. त्यांतील ज्या ३९ जणांची मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली होती, त्यांची मूत्रपिंडे आणि मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढून तपासण्यात आल्या, तेव्हा १८ जणांना मूत्रमार्गाचा कर्करोग झालेला आढळला. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अरिस्टोलोचिया असलेल्या औषधांची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली.

एवढा गंभीर दोष शतकानुशतके कोणाच्याच लक्षात का आला नाही, याचे उत्तर साधे आहे. औषध घेणे आणि मूत्रपिंड निकामी होणे यांत महिने जातात, तर कर्करोग होण्यास कित्येक वर्षे लागतात. इतक्या काळानंतर आजारी पडलेल्या माणसाचा संबंध जुन्या काढ्याशी जोडण्याचे कारण ना रुग्णाला दिसते, ना वैद्याला. शिवाय जो रुग्ण बरा झाला तो परत येऊन सांगतो, परंतु ज्याला अपाय झाला तो बहुधा परत येतच नाही, आणि त्यामुळे त्याची नोंद परंपरेत उतरत नाही.

आणखी एक गोष्ट या प्रश्नाशी निगडित आहे. परंपरेची साक्ष केवळ त्या वनस्पतीच्या नावाला लागू नसते, तर ती ज्या रूपात, ज्या मात्रेत, जितके दिवस आणि ज्या प्रकृतीच्या माणसाला दिली जात होती, त्या सगळ्याला मिळून लागू असते. वैद्याच्या देखरेखीखाली चार-आठ दिवस घेतलेला पाण्यातला काढा आणि त्याच वनस्पतीचा अल्कोहोलमध्ये काढलेला घट्ट अर्क, जो कॅप्सूलमधून महिनोन्‌महिने रोज स्वतःच्या मनाने घेतला जातो, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीसाठी पहिलीचा दाखला देणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

प्रश्न : अशा चाचणीची सुरुवात कोठून होते? थेट रुग्णांवर प्रयोग करतात का?

उत्तर : सुरुवात वनस्पतीच्या ओळखीपासून होते. हा टप्पा बाहेरून कंटाळवाणा दिसतो, पण तो कच्चा राहिला तर पुढचे सगळे काम वाया जाते. एका नावाखाली अनेक वनस्पती विकल्या जातात आणि एकाच वनस्पतीची दहा नावे असतात. म्हणून संशोधक प्रथम वनस्पतीचा नमुना वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळखून घेतो आणि तो वाळवून वनस्पतिसंग्रहालयात क्रमांकासह जपून ठेवतो, म्हणजे पुढे शंका उद्भवल्यास तो पुन्हा पाहता येतो. मुळी वापरली की साल, ती कोणत्या ऋतूत आणि कोठून गोळा केली, कशी वाळवली, अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, हे सारे लिहून ठेवावे लागते. त्यानंतर त्या अर्कातील प्रमुख घटकांचे प्रमाण मोजले जाते आणि प्रत्येक नव्या खेपेत ते तेवढेच आहे की नाही हे पडताळले जाते, कारण पहिल्या खेपेवर केलेली चाचणी दुसऱ्या खेपेला लागू पडण्याची हमी याशिवाय मिळत नाही.

गुळवेलीच्या बाबतीत झालेला वाद या टप्प्याचे महत्त्व दाखवतो. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने असा आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जात होती, हे तपासलेले नाही. त्यानंतर इतर केंद्रांतूनही अशा रुग्णांच्या नोंदी पुढे आल्या. यकृताची इजा खरी होती, रुग्ण खरे होते आणि ओळखीचा प्रश्नही रास्त होता. प्रत्येक रुग्णाने घेतलेल्या वनस्पतीचा नमुना पहिल्या दिवसापासून जपला गेला असता, तर त्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत मिळाले असते. अशा वादात कोणत्या तरी एका बाजूला तावातावाने उभे राहण्यापेक्षा ‘नमुना कोठे आहे’ असे विचारणे रुग्णाच्या अधिक हिताचे ठरते.

ओळख पटल्यानंतर भेसळ आणि दूषितपणा तपासतात : शिसे, पारा, आर्सेनिक, कीटकनाशके, बुरशीजन्य विषे, आणि काही वेळा मुद्दाम मिसळलेली स्टेरॉइडसारखी आधुनिक औषधे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एकपंचमांशांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. अशा उत्पादनाने अपाय झाला, तर दोष वनस्पतीचा की धातूचा हे तपासणीशिवाय सांगता येत नाही.

प्रश्न : उंदरांवर सुरक्षित ठरलेली वनस्पती माणसालाही सुरक्षित असते का?

उत्तर : तशी खात्री देता येत नाही. प्राण्यांवरील चाचण्यांतून साधारण कोणत्या मात्रेला कोणत्या अवयवावर ताण येतो हे कळते. एकदाच मोठी मात्रा देऊन पाहतात, नंतर २८ किंवा ९० दिवस रोज देऊन यकृत, मूत्रपिंडे, रक्त यांची तपासणी करतात, आणि जनुकांवर व गर्भावर होणारे परिणाम वेगळे पाहतात. ‘वजनाच्या प्रत्येक किलोमागे २००० मिलिग्रॅम देऊनही उंदीर मेले नाहीत’ हे वाक्य अनेक जाहिरातींत सुरक्षिततेचा पुरावा म्हणून छापले जाते. प्रत्यक्षात एकदा दिलेल्या मोठ्या मात्रेने प्राणी मरत नाही एवढेच त्यातून समजते, रोज वर्षभर घेतल्याने काय होईल हे समजत नाही. काही माणसांच्या यकृताला केवळ त्यांच्या जनुकीय घडणीमुळे जी क्वचित होणारी इजा होते, ती तर प्राण्यांत बहुधा दिसतच नाही.

प्रश्न : मी एका वनस्पतीचे चूर्ण घेतले आणि सांधेदुखीत स्पष्ट फरक पडला. डॉक्टर मात्र ‘पुरावा नाही’ म्हणतात. माझा अनुभव खोटा आहे का?

उत्तर : आपला अनुभव खोटा नाही, वेदना कमी झाल्या हे आपणच सांगू शकता आणि ते मान्य करायलाच हवे. प्रश्न एवढाच आहे, की त्या कशामुळे कमी झाल्या. सांधेदुखी चढउतार होणारा आजार आहे आणि माणूस नवा उपाय बहुधा दुखणे सर्वांत वाढलेले असताना सुरू करतो. त्यानंतर काहीही केले नाही तरी ते उतरण्याचीच शक्यता अधिक असते. त्याच सुमारास आपण चालणे वाढवले असेल, हवामान बदलले असेल, किंवा दुसरे एखादे औषध चालू असेल. शिवाय उपायावरचा विश्वास वेदनेची जाणीव खरोखर बदलतो.

याच कारणाने चाचणीत दोन गट करतात. एका गटाला वनस्पती आणि दुसऱ्याला तिच्यासारखे दिसणारे, पण औषधी गुण नसलेले, म्हणजे प्लॅसिबो देतात. कोण कोणत्या गटात जाईल हे नशिबावर सोडतात, म्हणजे निवडीत कोणाचा कल उतरत नाही, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही व तपासणाऱ्यालाही शेवटपर्यंत कळू देत नाहीत. वनस्पतींच्या बाबतीत हे काम कठीण असते, कारण कडू चवीचे, उग्र वासाचे चूर्ण ओळखू येते. चांगले संशोधक प्लॅसिबोलाही तशीच चव आणि रंग देतात आणि शेवटी रुग्णांना ‘आपल्याला काय मिळाले असे वाटते’ असे विचारून गुपित टिकले की नाही हेही तपासतात. असा निकाल हाती येतो तेव्हा दोन्ही गटांत सुधारणा दिसणे अगदी स्वाभाविक असते. दोन सुधारणांमधला जो फरक उरतो, तेवढाच वनस्पतीचा गुण मानायचा.

गिंको या वृक्षाच्या पानांच्या अर्काविषयी स्मरणशक्ती टिकवण्याचा मोठा विश्वास होता. अमेरिकेत ७५ वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या ३,०६९ व्यक्तींवर सुमारे सहा वर्षे चाचणी झाली आणि २००८ मध्ये तिचा निकाल आला. अर्क घेणाऱ्यांपैकी २७७ जणांना आणि प्लॅसिबो घेणाऱ्यांपैकी २४६ जणांना स्मृतिभ्रंश झाला. म्हणजे तो टळला नाही. अर्क घेणाऱ्या कितीतरी व्यक्तींची स्मृती शेवटपर्यंत शाबूत होती आणि त्यांतील प्रत्येकाला ‘मला गुण आला’ असे मनापासून सांगता आले असते, हे मात्र ध्यानात घ्यावे.

प्रश्न : एका उत्पादनाच्या वेष्टणावर ‘६० रुग्णांवरील चाचणीत कोणताही गंभीर दुष्परिणाम आढळला नाही’ असे लिहिले आहे. हे पुरेसे समजावे का?

उत्तर : हे वाक्य खरे असू शकते आणि तरीही फार थोडे सांगणारे असू शकते. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा हिशेब आहे : ज्या चाचणीत एकही गंभीर घटना घडली नाही, तिच्यातील रुग्णसंख्येने तीनला भागावे, जे उत्तर येते, त्याहून खरे प्रमाण अधिक नसावे असे सुमारे ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. तीन भागिले साठ म्हणजे पाच टक्के. याचा अर्थ, दर वीस जणांत एकाला गंभीर इजा करणारी वनस्पतीसुद्धा अशा चाचणीतून निर्दोष सुटू शकते. हजारात एकाला होणारा अपाय नाकारायचा असेल, तर तीन हजार माणसे तपासावी लागतात. म्हणूनच सुरक्षिततेचा निवाडा एका चाचणीत संपत नाही. वनस्पती वापरात आल्यानंतरही वर्षानुवर्षे नोंदी गोळा कराव्या लागतात.

गुणकारीपणाच्या दाव्याबाबत मी इतकेच सुचवीन, की चाचणी सुरू होण्यापूर्वी ती सार्वजनिक नोंदवहीत नोंदवली होती का आणि कोणता परिणाम मोजायचा हे तेव्हाच जाहीर केले होते का, ते पाहावे. वीस वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या, तर त्यांतील एखादी केवळ योगायोगानेही ‘लक्षणीय’ ठरते, आणि नेमकी तीच वेष्टणावर छापली जाते. भारतात अशी नोंदवही २००७ पासून आहे आणि ती कोणालाही पाहता येते.

प्रश्न : वनस्पतीतील सक्रिय घटक वेगळा काढून औषध बनवणे चांगले, की संपूर्ण वनस्पती वापरणे चांगले? निसर्गाने दिलेले संतुलन बिघडवू नये असे आमच्या परिचयातील एक वैद्य म्हणतात.

उत्तर : याचे एकच उत्तर सर्व वनस्पतींना लावता येणार नाही, प्रत्येकीचे वेगळे तपासावे लागते. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू आणि त्यांचे सहकारी हिवतापावर औषध शोधत होते, तेव्हा आर्टेमिसिया ॲन्युआ या वनस्पतीच्या अर्काचे निकाल एकदा चांगले तर एकदा वाईट येत. चौथ्या शतकातील वैद्य गे होंग यांनी ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून काढलेला रस घ्यावा असे लिहिले होते. त्यात उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने गुण नष्ट होत असावा हे ओळखून तू यूयू यांनी १९७१ मध्ये ईथर वापरून कमी तापमानात अर्क काढला आणि तो प्राण्यांतील हिवतापावर पूर्ण परिणामकारक ठरला. त्या संशोधनासाठी त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जुना मजकूर किती बारकाईने वाचायला हवा, हे या घटनेतून दिसते, आणि परंपरेचा याहून मोठा सन्मान दुसरा कोणता असेल असे मला वाटत नाही. तरीही आज जागतिक आरोग्य संघटना हिवतापासाठी त्या वनस्पतीचा चहा किंवा पाने घेण्याची शिफारस करत नाही, कारण पानांतील आर्टेमिसिनिनचे, म्हणजे हिवतापावर परिणाम करणाऱ्या घटकाचे, प्रमाण कमीजास्त असते, अपुऱ्या मात्रेने रोग उलटतो आणि परजीवी औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो.

सर्पगंधेची कथा थोडी वेगळी आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिचा रक्तदाबावरील परिणाम एका ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात मांडला, त्यानंतर जगाचे लक्ष तिच्याकडे गेले आणि १९५२ मध्ये तिच्यातील रेझर्पिन हा घटक वेगळा करण्यात आला. घटक वेगळा झाल्यामुळे मात्रा अचूक देता येऊ लागली. त्याचबरोबर काही रुग्णांना मोठ्या मात्रेने नैराश्य आल्याच्या नोंदीही झाल्या.

सदाफुलीने तर संशोधकांना भलत्याच वाटेने नेले. तिच्या पानांचा काढा मधुमेहावर उपयोगी असल्याची लोकांत समजूत होती, म्हणून १९५० च्या दशकात कॅनडातील संशोधकांनी तो तपासला. रक्तातील साखर उतरली नाही, परंतु उंदरांच्या पांढऱ्या पेशी कमालीच्या घटल्या, आणि त्यातून कर्करोगावरचे विनब्लास्टिन हे औषध मिळाले. मधुमेहासाठी तो काढा घेणाऱ्याला काय धोका होता, हेही त्याच निरीक्षणाने दाखवून दिले.

प्रश्न : माझ्या वडिलांना रक्त पातळ करणारे औषध चालू आहे. वनस्पतिजन्य औषध सोबत घेतले तर काय हरकत आहे? दोन्ही सुरक्षितच आहेत ना?

उत्तर : दोन वस्तू वेगवेगळ्या सुरक्षित असल्या तरी एकत्र सुरक्षित असतीलच असे नाही, आणि आपल्या वडिलांच्या बाबतीत हा प्रश्न गंभीर आहे. युरोपात हायपेरिकम ही वनस्पती सौम्य ते मध्यम नैराश्यावर वापरली जाते आणि २००८ मध्ये झालेल्या एका आढाव्यात २९ चाचण्यांतील पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवरून ती प्लॅसिबोपेक्षा सरस ठरली. म्हणजे तिचा गुण चांगल्या चाचण्यांत दिसलेला आहे. परंतु हीच वनस्पती यकृतातील काही विकरांना (एन्झाइमांना) चेतवते आणि त्यामुळे इतर अनेक औषधे शरीरातून लवकर बाहेर टाकली जातात. २००० मध्ये असे आढळले, की तिच्यामुळे एचआयव्हीवरील इंडिनाव्हिर या औषधाची रक्तातील एकूण उपलब्धता निम्म्याहून अधिक घटते. त्याच वर्षी हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांत, शरीराने रोपित अवयव नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाची पातळी खाली गेल्याने रोपित हृदय नाकारले जाऊ लागल्याची नोंद झाली. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणामही तिच्यामुळे कमी होतो. याउलट काही वनस्पतींमुळे रक्तस्राव वाढू शकतो. शतकांपूर्वी ही आधुनिक औषधे नव्हतीच, त्यामुळे या बाबतीत परंपरेकडे अनुभव असणे शक्यच नाही.

वडिलांचे औषध परस्पर बंद करू नये आणि वनस्पतिजन्य औषध परस्पर सुरू करू नये. त्याचे वेष्टण घेऊन डॉक्टरांकडे जावे, सर्व औषधांची यादी दाखवावी, आणि वॉरफरिन चालू असेल तर रक्त गोठण्याची तपासणी केव्हा करायची हे विचारून घ्यावे. एखादी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ती करणाऱ्या डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांनाही हे सांगावे. बरेच रुग्ण वनस्पतिजन्य औषधांना ‘औषध’ मानत नाहीत आणि म्हणून ती सांगायची राहून जातात.

प्रश्न : वनस्पतिजन्य औषधाने त्रास झाला असे वाटले, तर काय करावे?

उत्तर : औषध थांबवावे आणि डॉक्टरांना भेटावे. डोळे किंवा लघवी पिवळी होणे, अंगाला खाज सुटणे, विलक्षण थकवा, लघवीचे प्रमाण घटणे, चेहऱ्यावर सूज, अंगावर चट्टे, श्वास लागणे यांपैकी काही असल्यास त्याच दिवशी जावे. उरलेले औषध फेकून देऊ नये. बाटली, वेष्टण, खेप क्रमांक आणि कच्ची वनस्पती असल्यास तिचा तुकडा जपून ठेवावा, कारण नेमके काय घेतले गेले हे ठरवण्याचा तोच एक मार्ग असतो. औषध कधी सुरू केले, किती घेतले, त्रास कधी सुरू झाला आणि सोबत आणखी काय चालू होते, हे तारखांसह लिहून डॉक्टरांना द्यावे आणि त्रासाची नोंद औषधसुरक्षा केंद्राकडे पाठवण्याची विनंती त्यांना करावी. भारतात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि होमिओपॅथी औषधांसाठी आयुष मंत्रालयाची अशी वेगळी व्यवस्था आहे. संशय पक्का नसला तरी नोंद करता येते.